‘पागडी’ : एक अर्थांतर व त्यामागील भाडेनियंत्रण

१९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या घरांचे प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीस बांधले आणि ते नियमितपणे देणाऱ्या भाडेकरूस, मोजके अपवाद वगळता, घराबाहेर काढण्यास मनाई केली. महागाई वाढली, भाडे गोठलेलेच राहिले. हा तोटा घरमालकांनी दोन मार्गांनी भरून काढला : दुरुस्तीकडे पाठ फिरवून आणि नव्या भाडेकरूकडून ‘पागडी’ घेऊन. मस्तकावरील मानाचे वस्त्र दर्शविणारा शब्द असा पावतीविना दिल्या जाणाऱ्या रकमेस लागू झाला. दुरुस्तीचा भार १९६९ च्या कायद्याने शासकीय मंडळावर आला. १९४७ मध्ये गुन्हा ठरलेली पागडी १९९९ च्या कायद्याने वैध झाली. तात्पर्य, तोटा नाहीसा झाला नाही. त्याचा धनी तेवढा बदलला.