साहेबापुढचा चेहरा

मनातले चेहऱ्यावर उमटते, असे आपण सहज म्हणतो. पण समोर कोण बसले आहे, यावरही ते अवलंबून असते.

५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांचा त्यांना आश्रय होता. पदे सूत्रधार म्हणे, पात्रे आपली भाषणे आयत्या वेळी रचीत. धनुष्य न पेलल्याने फजीत झालेला रावण, लाजणारी सीता, संतापलेला परशुराम अशी भावांची रांगच त्या कथेत आहे. आपल्या माणसांपुढे भाव उघड करण्याची मुभा नटाला होती.

पाच वर्षांनी शेजारचे सातारचे राज्य इंग्रजांनी खालसा केले आणि तिथल्या रयतेचा गोऱ्या अंमलदाराशी थेट संबंध येऊ लागला. १८६७ साली चार्ल्स डार्विनने जगभरच्या परिचितांना १६ प्रश्न धाडले. आश्चर्याने डोळे व तोंड उघडते का? लाजेने चेहरा लाल होतो का? तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात राहणाऱ्या एर्स्किन नावाच्या गृहस्थांनी इथल्या लोकांचे निरीक्षण केले. पण खात्रीचा निष्कर्ष काढणे त्यांना जड गेले, कारण युरोपियनांसमोर हे लोक भाव नेहमीच लपवत. डार्विनने १८७२ च्या आपल्या ग्रंथात ही अडचण नोंदवून ठेवली. सातारच्या कचेरीतले चित्र याहून फार निराळे असेल, असे वाटत नाही.

बरोबर शंभर वर्षांनी, १९७२ मध्ये, पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीसेन यांनी हेच जपानी व अमेरिकी विद्यार्थ्यांबाबत मांडले. किळसवाणी चित्रफीत एकट्याने पाहताना दोघांचे चेहरे सारखे होत. वडीलधारा अधिकारी समोर असला की जपानी विद्यार्थी हसून ते झाकत.

मग चेहऱ्याची भाषा देशोदेशी वेगळी असते का? २००० साली अहल्या हेजमाडी व सहकाऱ्यांनी प्राचीन नाट्यपरंपरेतले १० भाव चित्रफितीवर दाखवले. पर्याय दिल्यावर भारतीय व अमेरिकी विद्यार्थ्यांची मिळून सुमारे ६५ टक्के उत्तरे बरोबर आली. निव्वळ अंदाजाने ९ टक्केच आली असती.

म्हणजे भाषा बरीचशी समान. ती कुठे बोलायची आणि कुठे गिळायची, हे समाज शिकवतो. साहेबाला रयतेचा चेहरा कोरा दिसला, तो रयतेला भावना नव्हत्या म्हणून नव्हे. त्या कोरेपणात त्याच्या खुर्चीचाही वाटा होता. कचेरीत, शाळेत किंवा घरात आपल्यासमोर कोणी निर्विकार उभे राहिले, तर आधी आपली खुर्ची पाहावी.