शब्दवेध : व्हिनिअर

दंतवैद्यांच्या दालनांतून आज सर्वतोमुखी झालेला ‘व्हिनिअर’ हा शब्द मूळचा सुतारशाळेतला. साध्या लाकडावर मौल्यवान लाकडाचा पातळ पापुद्रा सरसाने बेमालूम बसविण्याच्या क्रियेस जर्मन कारागीर ‘फुर्नीरन’ म्हणत. हे क्रियापद त्यांनी ‘पुरविणे, सज्ज करणे’ या अर्थाच्या ‘फुर्नीर’ ह्या फ्रेंच क्रियापदावरून घेतले, आणि अठराव्या शतकात इंग्रजीत दाखल होताना त्याचे रूप पुन्हा पालटले. आपल्या घरोघरी रुळलेले ‘फर्निचर’ हे त्याच फ्रेंच कुळातले.

दातांच्या मुलखात ही कल्पना आली ती 1930च्या सुमारास, जेव्हा हॉलिवुडमधील दंतवैद्य चार्ल्स पिंकस यांनी नटनटींच्या दातांवर चिकटवायचे पातळ दर्शनी पापुद्रे तयार केले. परंतु ते कायम बसविण्याची तजवीज नसल्यामुळे चित्रीकरण संपताच ते काढावे लागत. फॉस्फरिक आम्लाने दाताचे इनॅमल किंचित खडबडीत केल्यास त्यास राळ घट्ट धरते, हे मायकेल बुओनोकोर यांनी 1955 साली दाखविले, आणि 1980च्या दशकात पोर्सेलीनचे पापुद्रे त्याच तत्त्वावर पक्के बसू लागले.

हा पापुद्रा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो. तथापि त्यास जागा करण्यासाठी बहुधा इनॅमल घासावे लागते, आणि घासलेले इनॅमल पुन्हा उगवत नाही. सबब, सुंदर हास्याची इच्छा सर्वथा रास्त मानूनही, किडलेल्या दातांचा व सुजलेल्या हिरड्यांचा बंदोबस्त आधी करावा आणि मगच या अलंकाराकडे वळावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.