परदेशी स्वयंसेवा : पूर्वचौकशी व वैधानिक पात्रता

परदेशात सेवाकार्यासाठी जाऊ इच्छिणाऱ्या उमेदवाराचे पूर्वायुष्य, चारित्र्य व कायदेशीर बंधने यांची नियुक्तीपूर्वी केली जाणारी तपासणी. अशा चौकशीमागे एक मूलभूत प्रश्न असतो : रक्षण कोणाचे करावयाचे, स्वयंसेवकास पाठविणाऱ्या राज्याचे की त्याला स्वीकारणाऱ्या समाजाचे? या पद्धतीचा इतिहास म्हणजे पहिल्या उद्दिष्टाकडून दुसऱ्याकडे झालेले संथ संक्रमण होय.

ब्रिटनमध्ये ॲलेक व मोरा डिक्सन या दांपत्याने १९५८ मध्ये ‘व्हॉलंटरी सर्व्हिस ओव्हरसीज’ ही संस्था स्थापन केली. अमेरिकेत मात्र शासनानेच हे कार्य अंगीकारले. राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांनी १ मार्च १९६१ च्या आदेशान्वये ‘पीस कोअर’ (शांतिदल) स्थापन केले व त्याच वर्षी २२ सप्टेंबर रोजी त्यासंबंधीचा अधिनियम संमत झाला. तो काळ शीतयुद्धाचा होता. त्यामुळे उमेदवाराची नेमणूक राष्ट्रहिताशी सुसंगत आहे याची चौकशी अधिनियमाने बंधनकारक केली. शासन उलथून टाकण्याचा पुरस्कार आपण करीत नाही, अशी शपथही स्वयंसेवकास घ्यावी लागे. प्रारंभी नागरी सेवा आयोगामार्फत सखोल तपास होई. प्रशिक्षणकाळात मानसशास्त्रीय परीक्षा घेतल्या जात व अयोग्य वाटलेल्यांना वगळण्यात येई.

यजमान देशांची भीती निराळी होती. सेवेच्या आवरणाखाली हेर येतील, अशी शंका त्यांना वाटे. म्हणून गुप्तवार्ता कार्याशी संबंध आलेल्या व्यक्तींना दलाची दारे बंद ठेवण्यात आली. मध्यवर्ती गुप्तवार्ता संघटनेच्या (सीआयए) माजी कर्मचाऱ्यांना तर ती कायमची बंद झाली. यजमानांचा विश्वास जपणारी ही आरंभीची महत्त्वाची तरतूद होय. भारतात दलाची पहिली तुकडी १९६१ च्या अखेरीस पंजाबात आली. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या मातोश्री लिलियन कार्टर यांनी वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी दलात प्रवेश करून मुंबईतील विक्रोळी येथे सेवा केली (१९६६–६८). तथापि हेरगिरीचा संशय भारतात अधूनमधून व्यक्त होत राहिला. दलाचे येथील कार्य १९७६ मध्ये संपले.

राजनिष्ठेच्या कसोटीला न्यायालयानेही मर्यादा घातली. व्हिएटनाम युद्धावर जाहीर टीका केल्यामुळे चिलीतील एका स्वयंसेवकास १९६७ मध्ये सेवामुक्त करण्यात आले. त्यामुळे त्याच्या भाषणस्वातंत्र्याचा भंग झाल्याचा निर्णय ऱ्होड आयलंडच्या संघीय न्यायालयाने १९६९ मध्ये दिला. पुढे सरसकट सखोल तपासाऐवजी बोटांचे ठसे व शासकीय अभिलेख यांवर आधारित पडताळणी रूढ झाली. वैद्यकीय पात्रतेप्रमाणे वैधानिक पात्रताही स्वतंत्रपणे तपासली जाऊ लागली. अटक, दोषसिद्धी व परिवीक्षा यांबरोबरच कर्जफेड, अवलंबितांचे पालनपोषण आणि मागे राहणाऱ्या जोडीदाराविषयीची जबाबदारी हे तिचे प्रमुख विषय होत.

एकविसाव्या शतकात बालके व दुर्बल व्यक्ती यांचे संरक्षण हा चौकशीचा मुख्य हेतू बनला. ब्रिटनमध्ये २००२ मध्ये गुन्हे-अभिलेख कार्यालय सुरू झाले. २०१० च्या भूकंपानंतर हैतीत काम करणाऱ्या ‘ऑक्सफॅम’च्या काही कर्मचाऱ्यांचे लैंगिक गैरवर्तन २०१८ मध्ये जगजाहीर झाले. संस्था सोडणारा दोषी कर्मचारी दुसऱ्या संस्थेत सहज प्रवेश मिळवू शकतो, हे त्यातून स्पष्ट झाले. त्यामुळे आधीच्या नियोक्त्याकडून गैरवर्तनाची माहिती मागविणारी आंतरसंस्था योजना २०१९ मध्ये सुरू झाली. भारतीय पारपत्रधारकास परदेशी संस्थेने मागितल्यास पोलीस पडताळणीनंतर पारपत्र कार्यालयाकडून निर्दोषत्वाचा दाखला घेता येतो.

अशा दाखल्यांना अंगभूत मर्यादा आहे. नोंदलेला गुन्हाच त्यांत उमटतो. दडपलेली तक्रार उमटत नाही. उलटपक्षी, जुन्या किरकोळ अपराधामुळे सुधारलेला मनुष्य अपात्र ठरण्याचा धोकाही असतो. शिवाय तपासणी सामान्यतः पाठविणाऱ्या देशात होते. ज्या गावात स्वयंसेवक राहणार त्या गावाला निवडीत क्वचितच स्थान असते. म्हणून पूर्वचौकशी ही संरक्षणाची केवळ पहिली पायरी ठरते. प्रत्यक्ष कार्यस्थळी देखरेख आणि तेथील रहिवाशांना निर्भयपणे तक्रार करता येईल अशी व्यवस्था यांची जोड मिळाली, तरच तिचा हेतू सफल होतो.