‘तो’ म्हणजे ‘ती’सुद्धा? कॉर्नेलिया सोराबजी आणि विद्यापीठाचे दार

१८९२ सालच्या जून महिन्यात ऑक्सफर्डमध्ये पंचवीस वर्षांची एक तरुणी कायद्याच्या परीक्षेस बसली, उत्तीर्ण झाली आणि पदवीवाचून बाहेर पडली. पदवी तिने नाकारली नव्हती. स्त्रीला पदवी देण्याची सोयच तेथे नव्हती. ती पदवी तिच्या हाती पडली १९२२ साली, म्हणजे तब्बल ३० वर्षांनी.

मात्र हीच तरुणी ऑक्सफर्डला जाण्यापूर्वीच मुंबई विद्यापीठाची रीतसर पदवीधर झालेली होती. जे वसाहतीतल्या विद्यापीठाने दिले, ते राज्यकर्त्यांच्या मायदेशातले सर्वांत जुने विद्यापीठ देईना. हा उलटा प्रकार कसा घडला, हा आजच्या धाग्याचा विषय.

कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिकचा. वडील सोराबजी खरशेटजी हे पारशी घराण्यातले, तरुणपणी ख्रिस्ती झालेले धर्मोपदेशक. आई फ्रान्सिना पुण्यात व्हिक्टोरिया हायस्कूल चालवीत. घरात मुली पुष्कळ, आणि त्या सगळ्यांनी शिकावे असा आईवडिलांचा आग्रह. (पुण्यातली सेंट हेलेना शाळा स्थापन करणाऱ्या सुसी सोराबजी या कॉर्नेलियांच्याच भगिनी.)

आता विद्यापीठाकडे वळू. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. त्याच्या नियमांत स्त्रियांना मज्जाव करणारे कलम नव्हते. तशी गरजच कोणास वाटली नव्हती. नियमांची भाषा इंग्रजी, आणि त्यांत उमेदवाराचा उल्लेख सर्वत्र ‘तो’ असा. तेव्हा प्रश्न उभा राहिला तो व्याकरणाचा: या ‘तो’मध्ये ‘ती’ येते काय? व्यवहारात अर्थातच येते. ‘सार्वजनिक रस्त्यावर थुंकणाऱ्यास दंड होईल’ या वाक्यातून स्त्री सुटत नाही. पण हक्काची गोष्ट निघाली की मोठमोठे विद्वान वेड पांघरून पेडगावला जात. (ते पेडगाव श्रीगोंद्याजवळचे, भीमाकाठचे. आमच्या परभणीच्या पेडगावास या म्हणीत उगाच गोवू नये!)

१८७८ साली लंडन विद्यापीठाने स्त्रियांना पदव्या खुल्या केल्या आणि त्याच वर्षी कलकत्ता विद्यापीठानेही परीक्षांचे दार उघडले. मुंबईने १८८३ साली आपल्या नियमांत खुलासा केला की, पुल्लिंगी सर्वनामात स्त्रीचाही समावेश समजावा. नवी इमारत नको, नवा अभ्यासक्रम नको, वेगळा निधी नको. एका सर्वनामाचा अर्थ ठरला आणि काम झाले.

हे इतक्या सहज का घडले, हे समजून घेण्यासारखे आहे. मुंबई विद्यापीठ लंडनच्या धर्तीवर बेतलेले होते. ते प्रत्यक्ष शिकवीत नसे. परीक्षा घेई आणि पदव्या देई. शिकवणे हे कॉलेजांचे काम. त्यामुळे विद्यापीठास द्यायचे होते ते परीक्षेचे टेबल आणि प्रमाणपत्र, एवढेच. वसतिगृह, भोजनगृह, शतकानुशतकांच्या पुरुषी परंपरा यांतले काहीच आडवे येत नव्हते. येथे कोणाचा मोठेपणा फार मानावा असे मला वाटत नाही. संस्थेची रचनाच अशी होती की नकाराला भक्कम कारण सापडेना.

समाज मात्र तितका सरळ नव्हता. पुण्यात १८८४ साली रानडे, भांडारकर प्रभृतींनी मुलींचे हायस्कूल काढले, तेच पुढे हुजूरपागा म्हणून प्रसिद्ध झाले. मुलींना इंग्रजी वळणाचे शिक्षण देण्यास टिळकांचा कडाडून विरोध होता. त्याच सुमारास ज्या डेक्कन कॉलेजातून टिळक आणि आगरकर बाहेर पडले, त्या कॉलेजात कॉर्नेलिया दाखल झाल्या. सगळे विद्यार्थी पुरुष, त्यांत या एकट्या. त्या येताना दिसल्या की वर्गाचे दार आतून लोटून घेणारे सहाध्यायीही होते. तरीही त्या पहिल्या वर्गात बी.ए. झाल्या. मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या स्त्री पदवीधर.

आणि येथेच सर्वनाम पुन्हा आडवे आले. इंग्लंडात पुढील शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्ती होती. कॉर्नेलियांचे गुण तिला पात्र ठरविणारे होते. शिष्यवृत्ती नाकारण्यात आली, कारण उमेदवार स्त्री. म्हणजे परीक्षेपुरती ‘तो’मध्ये ‘ती’ होती; पैशाचा प्रश्न येताच ती बाहेर पडली. यानंतरचा विरोधाभास तर लिहून काढण्यासारखा आहे: ज्या बाईस शिष्यवृत्तीयोग्य मानले नाही, त्याच बाईंनी अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात पुरुष विद्यार्थ्यांना इंग्रजी साहित्य शिकविले.

इंग्लंडात लेडी हॉबहाऊस यांनी ‘द टाइम्स’मधून या अन्यायाकडे लक्ष वेधले आणि खाजगी वर्गणीतून निधी उभा राहिला. देणगीदारांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल होत्या, सर विल्यम वेडरबर्नही होते. १८८९ साली कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल हॉलमध्ये पोहोचल्या.

ऑक्सफर्डने स्त्रियांना १८८४पासून काही परीक्षा खुल्या केल्या होत्या, कायद्याची बी.सी.एल. त्यांत नव्हती. बेलियल कॉलेजचे प्रमुख बेंजामिन जोवेट यांनी कॉर्नेलियांची बाजू घेतली. सर विल्यम अॅन्सन यांनी ऑल सोल्स कॉलेजचे कॉड्रिंग्टन ग्रंथालय त्यांना वाचनासाठी मोकळे केले. स्त्रीला तो प्रवेश प्रथमच मिळत होता. परीक्षा तोंडावर आली तरी वाद मिटेना. एका परीक्षकाने स्त्रीची परीक्षा घेण्यास नकार दिला. पुरुषांपासून वेगळे बसून पेपर लिहिणे कॉर्नेलियांना मान्य नव्हते. उद्या कोणी म्हणू नये की ही परीक्षा सोपी होती. अखेर विद्यापीठास खास ठराव करावा लागला, आणि त्या पुरुषांसोबत, त्याच सभागृहात परीक्षेस बसल्या.

मग पदवी का नाही? ऑक्सफर्डची पदवी म्हणजे केवळ गुणवत्तेचा दाखला नव्हे. बी.ए.नंतर यथाकाळ एम.ए. होणाऱ्यास विद्यापीठाच्या सभेत मत देता येई, कारभारात भाग घेता येई. स्त्रीला पदवी देणे म्हणजे तिला मालकीत वाटा देणे. शिकू द्या, परीक्षा देऊ द्या, पण मत नको, असा तो हिशेब होता. १८९६ साली स्त्रियांना बी.ए. द्यावी हा प्रस्ताव मतास आला आणि पडला. १९२० साली ऑक्सफर्डने पदव्या दिल्या. केंब्रिजने तर १९४८ उजाडेपर्यंत पूर्ण सदस्यत्व दिले नाही.

कॉर्नेलिया भारतात परतल्या तेव्हा त्यांच्याकडे ज्ञान होते, सनद नव्हती. त्यांनी १८९७ साली मुंबई विद्यापीठाची एलएल.बी. केली. अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षा दिली, तीही उत्तीर्ण झाल्या. न्यायालयाने नोंदणी नाकारली. १९०४पासून बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये पडदानशीन स्त्रियांच्या इस्टेटींसाठी त्यांनी सुमारे दोन दशके काम केले. ज्या बायका परपुरुष वकिलासमोर येऊ शकत नव्हत्या, त्यांच्यासाठी पडद्याआड जाऊ शकणारी कायदेतज्ज्ञ व्यक्ती ही चैन नव्हती. मालमत्ता वाचण्याचा तोच एक मार्ग असे.

१९१६ साली कलकत्त्यात रेजिना गुहा या पदवीधर स्त्रीने वकिलीसाठी अर्ज केला. पुल्लिंगी शब्दांत स्त्रीलिंगाचाही समावेश होतो, हे कायद्याच्या अर्थनिर्णयाचे सर्वसाधारण तत्त्व तिच्या बाजूचे होते. उच्च न्यायालयाने ते वकिलांच्या कायद्यास लागू नाही असे ठरविले. मुंबई विद्यापीठाने १८८३ साली सोडविलेले व्याकरण ३३ वर्षांनंतरही न्यायालयास सुटत नव्हते!

मराठी वाचकांत आनंदीबाई आणि रखमाबाई घराघरांत पोहोचल्या, कॉर्नेलिया तितक्या नाहीत. त्याचे एक कारण त्यांचे राजकारण असावे. त्या अखेरपर्यंत साम्राज्यनिष्ठ राहिल्या, गांधीजींच्या चळवळीस त्यांनी विरोध केला आणि कॅथरीन मेयोच्या वादग्रस्त पुस्तकाची बाजू घेतली. हे लपवून त्यांचे चरित्र सांगू नये. परंतु म्हणून डेक्कन कॉलेजातले ते लोटलेले दारही विसरले जाऊ नये.

आमच्या भागाची गोष्ट निराळी. परभणी त्या काळी निजामाच्या राज्यात. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले तेच १९५८ साली. कॉर्नेलियांच्या बी.ए.नंतर सुमारे सात दशकांनी.

१९२१ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने कॉर्नेलियांची नोंद मान्य केली. १९२२ साली ऑक्सफर्डची पदवी आली. १९२३ साली कायदा करून केवळ स्त्री असल्याच्या कारणावरून वकिली नाकारण्यास बंदी घातली गेली आणि त्याच वर्षी लंडनच्या लिंकन्स इनने कॉर्नेलियांना बॅरिस्टर केले. १९२४ साली त्यांनी कलकत्त्यात वकिली सुरू केली, तेव्हा त्यांचे वय ५७ होते.