विदुराचे स्थान : द्युमेझिल आणि इरावती कर्वे यांचे महाभारतवाचन

तौलनिक दैवतकथाशास्त्राला महाकाव्याच्या अभ्यासाशी जोडण्याचे श्रेय प्रामुख्याने झॉर्झ द्युमेझिल (१८९८–१९८६) या फ्रेंच विद्वानांकडे जाते. १९३८ मध्ये त्यांना रोममधील ज्युपिटर, मार्स व क्विरिनस यांच्या प्रमुख पुरोहितांची श्रेणी आणि भारतीय त्रैवर्णिक व्यवस्था यांत समान रचना आढळली. धर्मसत्ता, युद्धबल व समृद्धी ही तिची तीन अंगे होत. पुढे १९४७ मध्ये स्टिग विकांडर या स्वीडिश अभ्यासकाने पांडवांचे दैवी जनक धर्म, वायू, इंद्र व अश्विनीकुमार याच क्रमाने येतात, हे निदर्शनास आणले. १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मिथ ए एपोपे’च्या पहिल्या खंडात द्युमेझिल यांनी या सूत्राचा विस्तार केला. महाभारत हे प्राचीन दैवतकथेचे मानवी पातळीवरील रूपांतर ठरले. पांडूमागे वरुण, धृतराष्ट्रामागे भग आणि विदुरामागे अर्यमा दिसू लागला.

याच सुमारास, १९६७ मध्ये, इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ प्रकाशित झाले. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीचा आधार घेऊन त्यांनी विदुर हाच युधिष्ठिराचा पिता असावा, अशी शक्यता मांडली. विदुराचे धर्मांशत्व, नियोगातील दिराचा अधिकार आणि अंतकाळी त्याचे युधिष्ठिरात विलीन होणे, हे त्यांचे प्रमुख दुवे होते.

विदुर व युधिष्ठिर यांचे ऐक्य दोघांनाही अर्थपूर्ण वाटते. द्युमेझिल त्यात देवतांचे सान्निध्य पाहतात, कर्वे कुलातील दडलेले नाते. पांडवांच्या दैवी जनकांचा क्रम असाच का, याचा उलगडा कर्वे यांच्या वाचनातून होत नाही. उलट, सभेत उपेक्षा सोसणाऱ्या दासीपुत्राचे दुःख द्युमेझिल यांच्या आराखड्यात गौण ठरते.

येथेच तौलनिक पद्धतीची खरी कसोटी लागते. द्युमेझिल यांची त्रिविध रचना पहिल्या तीन वर्णांशी जुळते; शूद्र तिच्या बाहेर राहतो. महाभारताने मात्र धर्माला शूद्र दासीच्या पोटी जन्म दिला. अणीमांडव्याच्या शापाची कथा या जन्माचे कारण सांगते, पण त्यातील विसंगती मिटवत नाही. धर्म ज्याच्या रूपाने अवतरला, त्याला सिंहासनाचा अधिकार नाही. समान रचनेचा शोध घेतल्यावाचून महाकाव्याची प्राचीनता कळत नाही, हे द्युमेझिल यांनी दाखवून दिले. त्या रचनेत न सामावणारा विदुर समजून घेतल्यावाचून महाभारताचे वेगळेपणही कळणार नाही.