परकीय साहाय्यकर्ता आणि भाषेचे अंतर : पालघर-तारापूर परिसराच्या इतिहासातील एक प्रश्न

परकीय साहाय्याचा इतिहास बहुधा रकमांच्या आणि टनांच्या हिशेबाने लिहिला जातो. किती डॉलर आले, किती गहू बंदरात उतरला, किती दवाखाने उघडले, हे कचेऱ्यांच्या दप्तरांतून सापडते. साहाय्य देणारा आणि घेणारा हे परस्परांशी कोणत्या भाषेत बोलले, याची नोंद क्वचितच आढळते. वस्तुतः साहाय्यकर्ता गावात राहून नेमके काय करू शकला, हे पुष्कळ अंशी या दुसऱ्या गोष्टीवरच अवलंबून असते. पालघर आणि बोईसर-तारापूर हा परिसर या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. विसाव्या शतकात येथे आजन्म राहण्याच्या तयारीने आलेला मिशनरी वावरला आणि मुदतीच्या ठेक्यावर आलेला अभियंताही वावरला. या दोन टोकांच्या मधला, दोन वर्षांच्या बोलीने येणारा स्वयंसेवक याच काळात महाराष्ट्रात आला.

प्रथम या प्रदेशाची भाषिक ठेवण ध्यानात घेतली पाहिजे. आज जो पालघर जिल्हा आहे तो १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्याचाच भाग होता. लोकव्यवहारात त्याचे बंदरपट्टी आणि जंगलपट्टी असे दोन भाग पडतात. किनाऱ्याला वाडवळ, मांगेले, भंडारी यांची वस्ती. रेल्वेच्या पूर्वेस वारली, कोकणा, कातकरी यांचे पाडे. आणि उत्तरेकडे मराठी व गुजराती यांची सरमिसळ. ही सरमिसळ इतकी की, १९६० साली राज्ये वेगळी झाली तेव्हा उंबरगाव गुजरातेत गेले आणि तलासरी-डहाणू महाराष्ट्रात राहिले. ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या मराठीविषयक सातव्या खंडात (१९०५) वारली, वाडवळ, फुडगी, सामवेदी आणि कातकरी यांची निरनिराळी दखल घेतलेली आहे. त्या वर्गीकरणात दोष असतील. परंतु ‘मराठी येते’ एवढ्याने या मुलखात काम भागत नाही, हे त्यावरून स्पष्ट होते. किंबहुना प्रमाण मराठी ही पाड्यावरच्या वारल्याच्या दृष्टीने तलाठ्याची, जंगल खात्याची आणि सावकाराच्या वहीची भाषा होती. सिमिंग्टन यांच्या १९३९ च्या अहवालात वेठ आणि लग्नगडी यांचे जे वर्णन आहे ते वाचले म्हणजे त्या भाषेविषयी पाड्यावर कोणती भावना असेल, याची कल्पना करता येते.

या अंतराचे एक उदाहरण पुरेसे बोलके आहे. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजण्याच्या पद्धतीस ‘राब’ म्हणतात. झाडांच्या डहाळ्या, पालापाचोळा, गवत आणि शेण यांचे थर वाफ्यावर पसरावयाचे, वर माती टाकावयाची, पावसापूर्वी ते जाळावयाचे आणि मग त्या जागी बी पेरावयाचे. या एका शब्दात उन्हाळ्याच्या कामांचे सारे वेळापत्रक सामावलेले आहे. डहाळ्या तोडण्याच्या हक्कावरून जंगल खात्याशी चालत आलेला झगडाही त्यात आहे. १९५३ पासून भातशेतीच्या जपानी पद्धतीचा देशभर प्रचार झाला. त्या पद्धतीत निवडक बियाणे, खत घातलेले उंच गादीवाफे आणि ओळीतील लावणी यांवर भर होता. ‘राब’चे भाषांतर ‘पाला जाळणे’ असे करणाऱ्या माणसास गादीवाफा हा केवळ सुधारणेचा शब्द वाटणार. भाजल्याने तण मरते, रोपाला जोर येतो, आणि शेणखत विकत घेण्याची ऐपत नसलेल्याला हा मार्ग स्वस्त पडतो, हे त्याला मूळ शब्दाच्या पोटात शिरल्यावाचून कळणे कठीण. येथे शेतकऱ्याचे अज्ञान दूर करावयाचे की साहाय्यकर्त्याचे, असा प्रश्न उभा राहतो.

मिशनरी या बाबतीत उजवे होते, हे मान्य केले पाहिजे. अमेरिकेतील ‘चर्च ऑफ द ब्रेदरन’ या पंथाचे पहिले कार्यकर्ते १८९४ च्या अखेरीस भारतात आले व त्यांनी वलसाड येथे ठाणे मांडले. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांचे कार्य डहाणूपर्यंत पोहोचले. पुढे पालघर आणि वाडा ही ठाणी झाली. आपल्या क्षेत्राचे गुजराती आणि मराठी असे भाग या मिशनने पाडले होते. नव्या माणसाचा आरंभीचा काळ भाषाध्ययनात जाई. डहाणू रोड येथील त्यांच्या रुग्णालयात डॉ. बार्बरा निकी यांनी दीर्घकाळ काम केले. रोग्याशी त्याच्या दुखण्याविषयी बोलावयाचे तर व्याकरणाचे पुस्तक फारसे उपयोगी पडत नाही. वर्षे घालवावी लागतात, आणि ती या लोकांजवळ होती. अर्थात त्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता आणि त्यांचे भाषाज्ञान त्या हेतूशी जखडलेले होते. ज्या भगताशी आणि कणसरीच्या पूजेशी वारली जीवन निगडित आहे, ती समजून घेण्याची निकड त्यांना वेगळ्या कारणासाठी वाटणार, हे उघड आहे. १९७० मध्ये ही मंडळी ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’त विलीन झाली.

‘पीस कोअर’चा स्वयंसेवक याहून निराळा. हे दल १९६१ साली अमेरिकेत स्थापन झाले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याची पहिली तुकडी भारतात, पंजाबात आली. पुढे महाराष्ट्रातही स्वयंसेवक आले, आणि १९७६ मध्ये हा कार्यक्रम भारतात संपुष्टात आला. दलाच्या कायद्यात तीन उद्दिष्टे सांगितली आहेत. पहिले प्रशिक्षित मनुष्यबळ पुरविण्याचे. उरलेली दोन परस्परांना समजून घेण्याची, म्हणजे पर्यायाने भाषेची. परंतु तयारीसाठी सुमारे तीन महिने आणि वास्तव्यासाठी दोन वर्षे, एवढाच अवधी होता. याच सुमारास पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात कवडी आणि साउथवर्थ यांचे मराठी संभाषणाचे पाठ्यपुस्तक सिद्ध झाले. अमेरिकेत शिकविली जाणारी मराठी ती प्रमाण मराठी होती. हे स्वाभाविकच म्हणावे लागेल. तथापि अशी मराठी शिकून जंगलपट्टीत उतरणाऱ्यास प्रथम समजणार तो ग्रामसेवक. पाड्यावरील स्त्रीचे बोलणे त्याला ग्रामसेवकाच्याच तोंडून ऐकावे लागणार.

या स्वयंसेवकांपैकी ज्यांच्या कार्याची साधने सहज उपलब्ध आहेत, त्यांत लिलियन कार्टर यांची गणना होते. जिमी कार्टर यांच्या या मातोश्री परिचारिकेचे शिक्षण घेतलेल्या होत्या. १९६६ मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, त्या दलात दाखल झाल्या आणि विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत सुमारे एकवीस महिने राहिल्या. विक्रोळी हे खेडे नव्हे. तेथे कारखाना होता, निरनिराळ्या प्रांतांचे कामगार होते, इंग्रजी जाणणारे डॉक्टर होते. प्रशिक्षणात मराठीचे धडे घेतलेल्या या वृद्ध बाईंना तेथे निभावून नेता आले, यात परिस्थितीचा वाटा मोठा आहे. कुटुंबनियोजनाच्या प्रचारापेक्षा दवाखान्यातील शुश्रूषा त्यांना अधिक मानवली. १९७७ मध्ये त्यांची भारतातून लिहिलेली पत्रे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. प्रचाराला शब्द लागतात, शुश्रूषेला हातही पुरतात. अल्पभाषी स्वयंसेवक दुसरीकडे वळतो याचे हे एक कारण असावे.

तारापूरला मात्र भाषेचा प्रश्न उद्भवलाच नाही, आणि हेच त्याचे वैशिष्ट्य होय. भारत-अमेरिका करार ८ ऑगस्ट १९६३ रोजी झाला. अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय विकास संस्थेकडून आठ कोटी डॉलरच्या कर्जाची तरतूद झाली, आणि मे १९६४ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीशी ठेका ठरला. कंपनीने सर्व उभारून चालू स्थितीत हाती द्यावयाचे, असे त्याचे स्वरूप होते. परदेशी अभियंता आपल्या भारतीय सहकाऱ्याशी इंग्रजीत बोले, तो मुकादमाशी हिंदीत, आणि मुकादम मजुराशी जमेल तसे. या साखळीतून जे बांधले गेले ते पक्के होते; १९६९ मध्ये दोन्ही अणुभट्ट्यांतून वीज मिळू लागली. बंदरपट्टीच्या मच्छीमाराला समुद्राविषयी जे ठाऊक होते ते या साखळीतून वर चढण्याची सोय नव्हती. ती ठेवण्याचे कोणास सुचलेही नसावे.

विक्रोळी आणि तारापूर यांची गाठ पुढे अकल्पितपणे पडली. १९७४ च्या पोखरण स्फोटानंतर तारापूरच्या इंधनाचा वाद सुरू झाला. मार्च १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी अण्वस्त्रप्रसारबंदीच्या नव्या अमेरिकी कायद्यावर सही केली आणि तारापूरचा इंधनपुरवठा धोक्यात आला. १९८० मध्ये मात्र त्यांनीच आपल्या नियामक आयोगाचा नकार बाजूला सारून ३८ टन इंधन पाठविण्याचे ठरविले, आणि सिनेटमध्ये ते ४८ विरुद्ध ४६ अशा मतांनी निभावले. १९८२ पासून फ्रान्सने हा पुरवठा पत्करला. पुत्राच्या धोरणावर मातेच्या वास्तव्याचा परिणाम शोधणे हा कादंबरीकाराचा विषय आहे. इतिहासाला एवढेच नोंदता येते की, एकाच देशाचे दोन प्रकारचे साहाय्य एकाच दशकात, परस्परांची गंधवार्ता नसल्यासारखे चालू होते.

साहाय्यकर्ता स्वभाषिक असला म्हणजे अंतर मिटते, असा निष्कर्ष यातून काढणे घाईचे ठरेल. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आरंभिलेले बालशिक्षणाचे काम १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेले. शाळेत न येणाऱ्या मुलांसाठी तेथे कुरणशाळा काढावी लागली. मराठी येणाऱ्यांनाही शाळा उचलून गुरांमागे न्यावी लागली, हा त्यातील अर्थ. उलट तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्ट्या, प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या, भारतीय अभियंत्यांनी उभारल्या. त्यांत परकी कोणी नव्हते. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. या वेळी भूसंपादन करणारे सरकार मराठी बोलणारे होते, आणि ग्रामस्थही मराठीच बोलत होते. पुनर्वसनात काय देण्याचे ठरले होते आणि काय मिळाले, याविषयी उभयतांचे एकमत झाले नाही, आणि वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला.