मिनॉंग बेटावर तंबू ठोकण्याआधी

आपल्या बॅचचे आम्ही सहा जण अमेरिका-कॅनडात विखुरलेले आहोत. गावच्या मेळाव्याला सगळ्यांना एकाच वेळी रजा मिळणं अशक्य, म्हणून पुढच्या ऑगस्टमध्ये चार दिवस तरी एकत्र काढायचे, असं ठरलं. जागा मी सुचवली: सुपिरियर सरोवरातलं आईल रॉयल बेट. हे अख्खं बेट राष्ट्रीय उद्यान आहे. मोटार नाही, रस्ता नाही, पाठीवर बिऱ्हाड घेऊन चालायचं आणि संध्याकाळी तंबू ठोकायचा. सहा हा आकडाही सोयीचा, कारण सातवा माणूस आला की गटाचा वेगळा परवाना आणि आगाऊ आरक्षण लागतं.

नियोजनाचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. ऑफिसात दिवसभर प्रोजेक्ट प्लॅन करणारीला घरीही तेच! बोटींची वेळापत्रकं, पाणी गाळायचं फिल्टर, कोरडा शिधा, असा एक तक्ता करून मी ग्रुपवर टाकला. त्यावर पाच जणांनी अंगठा दाखवला आणि सहावीने एक प्रश्न विचारला, "तिथे आधी कोण राहत होतं गं?"

हा प्रश्न तिलाच पडणार. तिच्या आजोबांचं गाव कोयनेच्या शिवसागरात गेलं. आपण सगळे वासोट्याला जाताना बामणोलीहून लाँचमध्ये बसून "काय सुंदर तलाव आहे" म्हणायचो, तेव्हा ती गप्प असायची. पुढे त्या पाण्याकाठच्या जंगलाचं १९८५ मध्ये अभयारण्य झालं आणि २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. नकाशावर हिरवा रंग भरला की खाली काय होतं ते दिसेनासं होतं, हे तिला आपल्यापेक्षा लवकर कळलं होतं. उत्तर दिल्याशिवाय ती येणार नाही हेही मला ठाऊक होतं. म्हणून तक्ता बाजूला ठेवला आणि वाचायला बसले.

बेट लांबट आहे, सुमारे ७२ किलोमीटर लांब आणि रुंद असेल तिथे १४ किलोमीटर. भोवती शेकडो लहान बेटं. गंमत म्हणजे बेटाच्या पोटातही सिस्किविट नावाचं तळं आहे आणि त्या तळ्यात पुन्हा एक बेट. मालकी मिशिगन राज्याची असली तरी मिनेसोटा आणि कॅनडाचा किनारा कितीतरी जवळ. हे कोडं १७८३ च्या पॅरिस तहात सुटतं. अमेरिका स्वतंत्र झाली तेव्हा सरहद्दीची रेघ या बेटाच्या उत्तरेकडून काढली गेली. त्याच कलमात शेजारच्या फेलिपो बेटाचंही नाव आहे. आता हे फेलिपो बेट मुळात अस्तित्वातच नाही! जुन्या नकाशांवर कोणीतरी काढलं, पुढच्यांनी उतरवून घेतलं आणि दोन देशांच्या तहात ते जाऊन बसलं. चुकीच्या दस्तऐवजावर पक्की इमारत कशी उभी राहते, ते आमच्या धंद्यातल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

तह करणाऱ्यांपैकी कोणी बेटावर राहणाऱ्यांना विचारलं नव्हतं. ओजिब्वे लोक या बेटाला मिनॉंग म्हणतात. मासेमारी, मेपलचा पाक, शिकार आणि तांबं यांसाठी त्यांची तिथे ये-जा होती. तांब्याचा इतिहास तर त्याहूनही मागे जातो. इथलं तांबं खडकात जवळजवळ शुद्ध धातूच्या रूपात सापडतं, भट्टीत गाळावं लागत नाही. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी, म्हणजे इकडे हडप्पा-मोहेंजोदडो नांदत होतं त्या सुमारास, तिथली माणसं किनाऱ्यावरचे गोल गोटे हातोड्यासारखे वापरून खडक फोडत आणि तांबं ठोकून सुया, पाती, भाल्याची टोकं करत. त्यांनी खणलेले खड्डे आजही दिसतात.

याच तांब्याने पुढे घात केला. १८४२ च्या ला पॉइंट करारात सरोवराच्या दक्षिणेचा मोठा मुलूख अमेरिकी सरकारने घेतला आणि त्यात हे बेटही धरलं. ग्रँड पोर्टेजच्या ओजिब्वे लोकांचं म्हणणं होतं की आम्ही बेट दिलेलंच नाही. मग १८४४ मध्ये वेगळा करार करून त्यांच्याकडून ते घेण्यात आलं. आधी ताबा, मग सही. भूसंपादनाची ही रीत सातासमुद्रापलीकडेही सारखीच निघाली. खाणवाले मात्र थांबलेच नव्हते. त्यांची धावपळ आधीच सुरू झाली होती.

त्या धावपळीतली एक गोष्ट वाचून मला रात्रभर झोप लागली नाही. अँजेलिक नावाची ओजिब्वे स्त्री आणि तिचा नवरा चार्ली मॉट यांना १८४५ च्या उन्हाळ्यात खाणीच्या भागीदारांनी तांब्याच्या एका मोठ्या साठ्यावर राखण करायला बेटावर ठेवलं. थोडं पीठ, थोडं खराब झालेलं लोणी, काही घेवड्याचे दाणे एवढाच शिधा. लवकरच बोट पाठवतो, असं सांगून लोक गेले. बोट आली नाही. बर्फ पडलं, सरोवर गोठलं. सालं, मुळं खाऊन दोघं जगत होती. हिवाळ्यात चार्ली भुकेने गेला. पुरायला जमीन दगडासारखी झालेली. अँजेलिकने त्याला झोपडीतच ठेवलं आणि स्वतःसाठी दुसरी झोपडी बांधली. का, तेही तिने पुढे सांगितलं: भुकेने आपण काय करून बसू याची तिला भीती वाटू लागली होती. मग तिने डोक्याचे केस उपटले, त्यांचा फास विणला आणि ससा पकडला. त्या फासांवर ती वसंतापर्यंत जगली. बोट आली तेव्हा ती एकटीच किनाऱ्यावर उभी होती.

खाणींच्या इतिहासात किती टन तांबं निघालं याचे हिशेब असतात. मला विचाराल तर या बेटाचा इतिहास त्या केसांच्या फासापासून सुरू करावा.

खाणी तीनदा उघडल्या आणि तीनदा बंद पडल्या, शेवटची १८९० च्या दशकात. नंतर आले नॉर्वे-स्वीडनकडचे कोळी. वसंतात यायचं, खाडीकाठी घर आणि धक्का, हिवाळ्याआधी परत. पाठोपाठ शहरी लोकांची विश्रामगृहं आणि उन्हाळी घरं. १९२० च्या दशकात डेट्रॉइट न्यूजचे पत्रकार अल्बर्ट स्टोल यांनी बेट राखायची मोहीम चालवली, ३ मार्च १९३१ रोजी राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी कायद्यावर सही केली आणि ३ एप्रिल १९४० रोजी उद्यान स्थापन झालं. मधल्या काळात, १९३६ मध्ये, वणव्यात बेटाचा जवळजवळ पाचवा हिस्सा जळाला, तो वेगळाच अध्याय.

स्टोल यांचं काम मोठं आहे, नाहीतर बेट लाकूड कंपन्यांनी बोडकं केलं असतं. पण उद्यान झालं तशी तिथली घरं सरकारने विकत घेतली. अनेकांना हयातभर राहायची मुभा मिळाली, म्हणजे बापाला राहता येईल, मुलाला नाही. मालक गेल्यावर काही घरं पाडली किंवा जाळली गेली. १९७६ मध्ये बहुतेक बेट कायद्याने 'निर्जन अरण्य' ठरलं. इतक्या पिढ्या जिथे राबल्या त्या जागेला निर्जन म्हणणं मला पटत नाही. लांडगे आणि मूस यांचा १९५८ पासून चाललेला अभ्यास जगभर गाजला, २०१८-१९ मध्ये लांडग्यांची संख्या सावरायला बाहेरून १९ लांडगे आणून सोडले. माणसांच्या बाबतीत एवढी तत्परता दिसली नाही. तरी एक दार किलकिलं झालं आहे: २०१९ मध्ये मिनॉंग म्हणून या बेटाची ओजिब्वे लोकांची पारंपरिक सांस्कृतिक जागा अशी राष्ट्रीय वारसा नोंद झाली.

हे सगळं मी मैत्रिणीला लिहून पाठवलं. तिचं उत्तर आलं, "मग त्यांच्या गावावरून जाऊ." म्हणून बेत बदलला. मिशिगनकडून न जाता आता ग्रँड पोर्टेजहून, म्हणजे ओजिब्वे लोकांच्याच गावातून बोट घ्यायची. ती बेटाला वळसा घालत जाते. रॉक हार्बरला उतरायचं, पहिला मुक्काम डेझी फार्मला. तिथे १८४० च्या दशकात खाणकामगारांची वस्ती होती आणि समोरच्या किनाऱ्यावर एडिसन कुटुंबाचा मासेमारीचा तळ जपून ठेवला आहे. मग ग्रीनस्टोन रिज ओलांडून मकार्गो कोव्हला. जवळच मिनॉंग खाण आहे आणि तिच्या आसपास ते हजारो वर्षांपूर्वीचे खड्डे. परतीची बोट तिथूनच मिळते.

जूनमध्ये डास फार असतात, म्हणून ऑगस्टचा दुसरा आठवडा. नोव्हेंबर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत बेट बंदच असतं, त्यामुळे पुढे ढकलायला फारशी जागा नाही. पाणी गाळूनच प्यायचं. दोन माणसांचे तंबू दोन झालेत, तिसरा कोणाकडे असेल तर मला कळवा.